मडक्याची वही

सोमवार, १ फेब्रुवारी १९६०

ही वही महाडच्या वैद्यांनी दिली. म्हणाले, "कुशाबा, मडक्यात काय घातलंत, किती घातलंत, ऊन होतं की ढग होते, सगळं रोजच्या रोज लिहा. मला दर खेपेला एकसारखं आंबवण पाहिजे. एकदा सौम्य, एकदा उग्र, असं चालणार नाही." मी म्हटलं, माझं शिक्षण मराठी तिसरी, आणि त्या वर्षी मास्तरही निम्मं वर्ष हिवतापाने पडून होते. म्हणाले, तेवढं पुरे.

वैद्य तोंडाला लावायचा एक लेप करून पुण्या-मुंबईस पाठवतात. मुरूम, सुरकुत्या, काळे डाग यांवर. त्यात आमच्या आंबवणाची निवळ घालून बघायचं त्यांच्या मनात आहे. पसंत पडली तर दर खेपेस दहा बाटल्या घेणार.

हे आंबवण माझी बायको ठकूबाई करायची. वाडीतल्या बायका लग्नाआधी नाहीतर बाळंतपणानंतर तिच्याकडून वाटीभर नेत आणि तोंडाला लावत. ती जाऊन दोन वर्षं झाली. आता मी करतो. म्हणजे हाताने सून करते, येसू, पण लक्ष माझं असतं.

आज मडक्यात घातलं ते असं. तांदळाचं दुसरं आणि तिसरं धुवण, पहिलं टाकून दिलं. आवळे ठेचून, आंबेहळद, कचोरा. मागच्या मडक्याच्या तळाचा साका ओंजळभर, विरजणासारखा. तोंडाला फडकं बांधलं. ऊन होतं.

वही हरवेल अशी भीती वाटते. तांदळाच्या कणगीमागे ठेवली आहे.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

फसफसत नाही. येसूला तीनदा विचारलं.

"मामंजी, त्याला अजून थंडी वाजतेय. तुम्ही घटकाघटकानं फडकं सोडून बघता, मग ते आंबंल कसं?"

आजपासून बघायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी एकदाच बघितलं.

रविवार, ७ फेब्रुवारी

बुडबुडे आले. पिकल्या बोरांसारखा वास. मुलगा हैबती मुंबईस गिरणीत आहे, त्याचं पत्र आलं. लिहितो की मुंबईत तोंडाला लावायचं बाटलीत मिळतं, त्याला गुलाबाचा वास असतो, तुमच्या मडक्याला कोण विचारणार. येसूला पत्र वाचून दाखवलं तेव्हा एवढी ओळ गाळली. नवराबायकोत माझ्यावरून वाद नको.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

शेजारच्या भागोजीच्या रखमाचं लग्न ठरलं. मुलगा बिरवाडीचा, चांगू नाव, मुंबईस असतो. त्याला आईबाप नाहीत. आत्या प्रयागबाईने वाढवला, त्यामुळे शब्द तिचा. तिला मुलगी आवडली, घर आवडलं, पण रखमाच्या डाव्या गालावर वांग आहे, तुरीच्या डाळीएवढाले दोन-तीन काळे डाग एकमेकांना चिकटून. ते बघून बाई म्हणाली की लग्नाआधी एकदा परत येऊन बघीन, डाग वाढत असले तर आमचं जमायचं नाय.

भागोजीची बायको ठमाबाई सकाळीच आली. "कुशातात्या, माझ्या लग्नात मला ठकूमावशीनं लावलं होतं. माझ्या पोरीला तेच द्या. तुमच्याबिगर कोन हाय?"

मी हो म्हणालो. लगेच वाटलं की घाई झाली.

रखमा दारात उभी होती. म्हणाली, "तात्या, वांग गेला आन त्यांना वाटलं दुसरीच पोरगी उभी केली, तर ओ?" पोरगी अशीच आहे. काळजी म्हणून तिला नाही. ती सगळी माझ्याकडे.

सोमवार, २२ फेब्रुवारी

एकविसावा दिवस. वरची पांढरी साय काढली. येसूने जुन्या लुगड्याच्या पदरातून गाळलं. निवळ वरती आली, पातळ चहाच्या रंगाची. खाली साका, दह्यासारखा. निवळीने तोंड धुवायचं, मग साका लावून घटकाभर बसायचं. एक बाटली वैद्यांना, बाकी रखमाला.

गुरुवार, १० मार्च

सोमवारी महाडला जाऊन आलो. वैद्यांना निवळ पसंत पडली. आता दहा बाटल्या द्यायच्या. वैद्य बोलतात गोड, पण अडीच तास बसवून ठेवलं आणि चहा विचारला नाही.

दहा बाटल्यांना नेहमीचं मडकं पुरणार नाही. येसूने माळ्यावरचं मोठं मडकं काढलं, राखेने घासलं, दोन दिवस उन्हात ठेवलं होतं. आज त्यात सगळं दुप्पट घातलं. आवळे आता संपत आले, डोंगरात वरपर्यंत जाऊन आणावे लागले.

रखमाचा वांग फिकट झाला असं ठमाबाई सगळ्यांना सांगते. मला तो होता तेवढाच दिसतो. 

शुक्रवार, २५ मार्च

ठमाबाईच्या सांगण्याने वाडीतल्या पाच-सहा बायका मडकं बघायला आल्या. फडकं सोडून आत डोकावल्या. म्हातारी बयाबाई म्हणाली, "काय रे कुशा, तुझं नशीबच फसफसतंय की." सगळ्या हसल्या. तिची नजर चांगली नाही. मागे तिने आमच्या म्हशीचं दूध बघून असंच काही म्हटलं होतं आणि म्हैस आठवडाभर आटली.

जेवण गेलं नाही.

शनिवार, २६ मार्च

मडक्याची दृष्ट काढली. लिंबू-मिरची बांधली असती, पण येसूला दिसली की ती हसते. म्हणून नुसता बिब्बा घेतला. बोटांना खोबरेल लावून, कारण बिब्बा उततो, त्याचं तेल लागेल तिथे फोड येतात, दाभणाने त्याला आरपार भोक पाडलं, काळा दोरा ओवला आणि फडक्याच्या आतल्या बाजूने मडक्याच्या तोंडातच टांगला. बाहेरून कोणाला कळणार नाही. येसूला आता मडकं हलवू नको, ढवळायचं मी बघतो, असं सांगितलं.

मडकं अंगणात उन्हाला ठेवलं. ऊन आता चांगलं तापतं.

आज बरं वाटतं.

शनिवार, ९ एप्रिल

तीस दिवस झाले. मडकं मोठं म्हणून जास्त ठेवलं. येसू माहेरी गेली आहे, बाटल्या सोमवारी महाडला पोचवायच्या, म्हणून मीच वरचं वर पळीने काढून गाळलं. रंग जरा काळपट आला. आवळे जून होते, त्यामुळे असेल. मडकं तळाच्या साक्यासकट पुन्हा झाकून ठेवलं.

सोमवार, ११ एप्रिल

हनुमान जयंती. दहा बाटल्या महाडला वैद्यांकडे दिल्या. ते गावाला गेले होते, त्यांच्या माणसाने ठेवून घेतल्या. एक बाटली आणि वाटीभर साका रखमाला दिला. लग्न ६ मेला, प्रयागबाई २८ तारखेला तोंड बघायला येणार. ठमाबाई म्हणाली आता रोज दोन वेळा लावते.

गुरुवार, १४ एप्रिल

रखमाचं तोंड सुजलं आहे. डावा डोळा उघडत नाही. कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडे पाण्याचे फोड. ती दोन दिवस खाज सोसत होती, आईने सांगितलं होतं की औषध लागू पडतंय म्हणून खाजतं.

येसू काल परत आली आहे. तीच रडणं ऐकून धावली आणि मग मला बोलवायला आली. मी दारातून आत जाऊ शकलो नाही. ठमाबाई म्हणाली, "बघा, तात्या. नीट बघा." भागोजी पाठ करून बसला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

रखमाने मला हाक मारली. ओठ सुजलेले, शब्द नीट फुटत नव्हते. "तात्या, वांग खरंच गेला. कुठं होता तेच मला सापडत नाय."

"हसू नको गो, फोड फुटंल," ठमाबाई म्हणाली आणि स्वतःच तोंडावर पदर घेऊन रडायला लागली.

 प्रयागबाई यायला चौदा दिवस आहेत.

शुक्रवार, १५ एप्रिल

पहिल्या यष्टीने महाड. आधी सांगितलं की त्या दहा बाटल्या कोणाला देऊ नका. वैद्य कालच गावाहून आले होते, बाटल्या दोरा बांधलेल्या तशाच होत्या. मी तिथेच पायरीवर बसलो. त्यांनी पाणी दिलं.

मग म्हणाले, वही दाखवा. वहीत त्यांच्याविषयी एके ठिकाणी बरं लिहिलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मोटरीत बसल्या बसल्या एका कागदावर मडक्यात जे जे घातलं तेवढंच उतरवून काढलं होतं. तो कागद दिला. धुवण, आवळे, आंबेहळद, कचोरा, साका. त्यांनी दोनदा वाचला.

"यात असं होण्यासारखं काही नाही," म्हणाले. "तुम्ही सांगता त्यावरून तर हे बिब्बा उतल्यासारखं दिसतंय. मुलीचा हात कुठे बिब्ब्याला लागला होता?"

"नाही," मी म्हटलं. फोड बघून मी कालच विचारलं होतं, त्यांच्या घरात बिब्बा नाहीच.

"आणि आंबवणात घातला नव्हता?"

"नाही. कागदावर आहे तेवढंच."

हे खरंच सांगितलं. मडक्यात बिब्बा आहे, पण तो दृष्टीचा, दोऱ्याला टांगलेला. रखमाने तो पाहिलासुद्धा नाही. मग तो उतेल कसा. उगाच सांगून वैद्यांचा गोंधळ कशाला करायचा.

ते म्हणाले, काहीही असो, तीळ वाटून लोण्यात कालवून लावा, वरून नारळाच्या दुधाच्या घड्या ठेवा. ऊन लागू देऊ नका. नखं कापा. वरची कातडी निघून जाईल, बहुतेक डाग राहणार नाहीत.

बहुतेक म्हणाले. येताना सगळ्या वाटेत तो एकच शब्द.

शनिवार, १६ एप्रिल

येसू तीळलोणी रखमाला लावून आली आणि मला विचारलं, वैद्य काय बोलले, पहिल्यापासून सांगा. मी सगळं सांगितलं. बिब्ब्याचंही सांगितलं, त्यांनी विचारलं ते आणि मी नाही म्हणालो ते.

ती उठली, अंगणात गेली आणि मडक्याचं फडकं सोडलं. बराच वेळ आत बघत राहिली.

"मामंजी, हा कवा बांधलात?"

"पाडव्याच्या आधीच्या शनिवारी. बयाबाईची नजर लागली होती."

"आतल्या अंगानं?"

"बाहेर दिसला असता तर तू हसली असतीस."

मी जवळ जाऊन बघितलं. बिब्बा उन्हाने आक्रसून निम्मा झाला होता आणि मडक्याच्या आतून काळे ओघळ थेट खालपर्यंत गेले होते. मी म्हटलं, बघ, केवढी दृष्ट ओढून घेतली यानं. हा नसता तर आणखी काय झालं असतं कोण जाणे.

येसू माझ्याकडे बघत राहिली.  पळसाच्या पानाने तो दोरा उचलला, परसात खड्डा करून पुरला. मडकं, साका, सगळं तिथेच ओतून दिलं, मडकं फोडलं. एवढं चांगलं मडकं. आता दृष्टीचं रक्षण कोण करणार हेही तिला विचारावंसं वाटलं, पण तिची मुद्रा बघून गप्प बसलो.

रविवार, १७ एप्रिल

तीन दिवस जेवण नाही.  वाडीतली माणसं मला बघून बोलणं थांबवतात. बिरवाडीत बातमी पोचली म्हणतात. कोणी सांगतो रखमाचा डोळा गेला, कोणी सांगतो नाक झडलं. दोन्ही खोटं, पण कोणाच्या तोंडाला हात लावणार.

लग्न मोडलं तर त्या पोरीला पुन्हा कोण बघायला येणार. ठकूच्या चाळीस वर्षांच्या हाताला मी एका दिवसात बट्टा लावला. आणि माझं काय चुकलं तेही मला कळत नाही, हे सगळ्यात वाईट. कळलं असतं तर निदान तेवढ्याचंच वाईट वाटलं असतं.

दुपारी खाली सावित्री नदीच्या डोहापर्यंत जाऊन आलो. नुसता बसलो. थोड्या वेळाने येसू पाठोपाठ आली, कळशी घेऊन. पाणी भरायला आले म्हणाली. आमची विहीर तर वर, घराला लागून आहे.

"चला मामंजी," म्हणाली. मी पुढे, ती मागे. कळशी रिकामीच आणली.

सोमवार, १८ एप्रिल

आज सगळं कळलं.

सकाळी येसूने भाकरी पुढे ठेवली आणि समोर बसली. खाली मान घालून म्हणाली, "मामंजी, चूक माझी हाय. त्या माळ्यावरच्या मडक्यात मी दिवाळीला सुरण धुतला होता. मडकं मी घासलं, पन आतून नीट घासलं नाय. सुरणाची खाज त्यात ऱ्हायली. म्हनून त्या पोरीला असं झालं."

सुरण. एवढंच होतं तर. सुरणाने माणसाची जीभ सुजते, मग कोवळ्या मुलीच्या गालाचं काय. मडकं फोडताना तिच्याही बोटांना फोड आले आहेत, ते आज दिसलं. सुरणच.

छातीवरचं जातं कोणी उचलून बाजूला ठेवावं तसं वाटलं. मी येसूला रागावलो नाही. म्हटलं, "असूं दे. चूक माणसाच्याच हातून होते. पुढे काळजी घे." ती "व्हय" म्हणाली. मग मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. ती मी खाताना बघत होती.

बुधवार, २० एप्रिल

येसूने ठमाबाईलाही जाऊन सुरणाचं सांगितलं. मी सांगितलं नव्हतं, तिची तीच गेली. ठमाबाईचा आवाज आमच्या ओटीपर्यंत ऐकू आला. "सुरणाच्या मडक्यात माझ्या पोरीचं तोंड बुडवलंस गो? म्हाताऱ्याला म्या नाय नाय ते बोलले, आन केलंस तू?"

येसू घरी येऊन तांदूळ निवडत बसली. मी विचारलं, फार बोलली का. "बोलू दे. बोलली की हलकी व्हईल."

रखमाचा डोळा उघडला.

रविवार, २४ एप्रिल

फोड सुकले. खपल्या धरल्या. येसू रोज परसाच्या दाराने जाऊन रखमाला तीळलोणी लावते. ठमाबाई तिला येऊ देते, पण तिच्याशी बोलत नाही. रखमाच मधे निरोप देते. "आये, येसूवैनी इचारतेय नारळ हाय का. वैनी, आय म्हनतेय हाय." दोघी एकमेकींपासून हातभर अंतरावर.

चार दिवस राहिले.

बुधवार, २७ एप्रिल

खपल्या पडल्या. खालची कातडी तांबूस, नवी. उद्या प्रयागबाई. मी देवाला नारळ बोललो, मग वाटलं एकाने भागेल का, दुसरा बोललो.

गुरुवार, २८ एप्रिल

प्रयागबाई आली. उंच, हाडापेराची बाई, बरोबर पुतण्या चांगू. तो मुंबईहून मुद्दाम आला होता. त्यालाही कोणी पत्र घातलं होतं की मुलीचं नाक गेलं.

भागोजीने मला ओटीवर बोलावून बसवलं. बसवलं यातच मला अर्धं बरं वाटलं. चांगू एक शब्द बोलत नव्हता, आंब्याच्या झाडाकडे बघत होता. आतून ठमाबाईने रखमाला आणलं. प्रयागबाईने तिची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे फिरवलं. डोळे बघितले, दोन्ही. नाक बघितलं, चिमटीत धरून.

गालावर वांग होता. पहिल्याएवढाच, पहिल्याच जागी. कातडी गेली, नवी आली, आणि वांग आपला तिथेच. मी डोळे मिटले.

"एवढंच हाय व्हय?" प्रयागबाई म्हणाली.

ठमाबाईने रखमाचा हात घट्ट धरला.

"अगो, मला तर सांगितलं पोरीला तोंडच ऱ्हायलं नाय. आठ दिस झोप नाय मला. या पोराला काय सांगू, शब्द दिलाय तो कसा मागं घेऊ, नाय घेतला तर घरात काय आणू." ती मटकन खाली बसली. "नाक हाय, डोळे हायत. वांग काय, माझ्या आईला पन होता. पानी द्या गो जरा."

रखमा पाणी आणायला वळली तेव्हा चांगू पहिल्यांदा बोलला. आंब्याकडे बघतच म्हणाला, "आत्ये, मला आधीपासूनच ठीक वाटत होतं."

"मग आधी बोलायला काय झालं होतं तुला?" प्रयागबाई म्हणाली. "तोंड त्याचं गेलंय, नाक पोरीचं शोधतेय मी."

सगळे हसले. मी हसलो नाही, मला रडू येत होतं. लग्न ठरल्या दिवशी, ६ तारखेलाच.

रविवार, १ मे

नवं महाराष्ट्र राज्य झालं. पोलादपुरात शाळेच्या पोरांची फेरी निघाली, मास्तरांनी मला पेढा दिला. अर्धा येसूसाठी आणला.

येसूने परवाच नवं मडकं आणलं, कोरं, कुंभाराकडून. वैद्यांचा निरोप आला की मुलगी बरी झाल्याचं कळलं, आधीच्या बाटल्या ओतून टाकल्या, नव्या दहा पाहिजेत, सावकाश द्या. वहीत लिहितो: धुवण, आंबेहळद, कचोरा, आवळे वाळवलेले. मडकं घराच्या आत, सावलीत. येसूने मला ढवळू दिलं, पण ती शेजारीच उभी होती. फडकं तिने स्वतः बांधलं, गाठ अशी मारली आहे की मला सुटत नाही.

मंगळवार, ३ मे

परवा रखमाची हळद. हळद दळायला आणि लावायला पाच सवाशिणी लागतात, चार ठरल्या. येसूचं नाव नाही. शेजारचं घर, भिंतीला भिंत, आणि ज्या हाताने पंधरा दिवस तीळलोणी लावलं त्या हाताला हळद नाही.

येसू म्हणाली, "मला कुठं येळ हाय, मामंजी. मडकं हाय, म्हैस हाय." ती सारवत होती. एकच जागा तीनदा सारवली.

मला वाईट वाटतं. सुरणाचं मडकं नीट घासलं नाही ही तिची चूक खरी. पण पोरगी बरी झाली, लग्न जमलं, प्रयागबाईसारखी बाई विसरली, मग ठमाबाईने का धरून ठेवावं. उद्या बोलतो. काय बोलायचं ते सुचत नाही.

बुधवार, ४ मे

आज मी जन्मात पहिल्यांदा ठरवून खोटं बोललो. इथे लिहून ठेवतो, म्हणजे ते कुठेतरी खरं लिहिलेलं राहील.

ठमाबाई ओटीवर उडदाची डाळ निवडत होती. भागोजी दोर वळत होता. मी उभ्यानेच सांगितलं, कारण बसलो असतो तर बोलू शकलो नसतो. म्हटलं, "ठमाबाई, येसूकडे काही दोष नाही. जे केलं ते मी केलं. ती माहेरी होती. तिने माझं माणसांत हसं होऊ नये म्हणून सगळं आपल्या अंगावर घेतलं."

मला वाटलं होतं ती विचारेल, तात्या, असं कसं होईल. मी पुढचंही जुळवून ठेवलं होतं, सुरण कुठला, कोणी दिला, कधी धुतला.

ठमाबाईने हातातलं सूपही खाली ठेवलं नाही. म्हणाली, "मला तवाच वाटलं होतं."

"काय वाटलं होतं?"

"येसूच्या हातचं मडकं घाण ऱ्हायचं नाय. तिची भांडी बघा, तोंड दिसतं त्यात. म्या याला सांगितलं पन, हे काम तात्याचंच. व्हय ना ओ?"

भागोजी दोर वळत म्हणाला, "व्हय. सांगितलं होतं."

चाळीस वर्षांचा शेजार. निदान एकदा तरी शंका घ्यायची. मी इतकं चांगलं खोटं बोलतो हे मला ठाऊक नव्हतं.

"पन तात्या," ठमाबाई म्हणाली, "तुम्ही येऊन बोललात. आता माझ्या पोटात काय नाय." आणि सूप घेऊनच उठली, परसाच्या दारात जाऊन हाक मारली, "येसू गो, उद्या उन्हं यायच्या आत ये. पाचवी तूच. आन जातं तुझंच आन, माझं जड जातंय."

देवाने हे खोटं माझ्या नावावर लिहिलं तरी चालेल.

गुरुवार, ५ मे

येसू दुपारी परत आली ती कोपरापर्यंत पिवळी. कपाळाला हळद, कानाला हळद. रखमाने तिच्या नाकालाही लावली म्हणे. ठमाबाईने तिला लाडू दिले, माझ्यासाठीही दोन.

मी जेवायला बसलो. येसूने वाढता वाढता विचारलं, "मामंजी, काल तुम्ही ठमाकाकूला काय सांगितलंत?"

"सोड."

"सांगा ना."

मी सांगितलं. की तुझ्यासाठी खोटं बोललो, जे झालं ते माझ्या हातून झालं, येसूने ते आपल्यावर घेतलं, असं सांगितलं. आणि ठमाबाईने ते लगेच खरं मानलं, याचं मला थोडं वाईट वाटतं, हेही सांगितलं.

येसूच्या हातात भाताचं पातेलं होतं. ते तिने खाली ठेवलं. तोंडाला पदर लावला, मग भिंतीकडे वळली. खांदे हलत होते. मला वाटलं रडते. जवळ जाऊन बघतो तर हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, भिंतीला टेकून, पिवळ्या हातांनी पोट धरून.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मी विचारलं.

"काय नाय, मामंजी. तुम्ही लई चांगलं केलंत." आणि परत हसली.

मला काही समजलं नाही. पण रखमाच्या तोंडाचं झाल्यापासून तिला हसताना बघितलं नव्हतं, म्हणून जास्त विचारलं नाही. भात आणखी वाढून घेतला. भिंतीवर तिच्या हातांचे हळदीचे दोन ठसे उठले आहेत, पुसायचे नाहीत म्हणून सांगणार आहे.